वाचकांचे प्रश्न : बाटलीतला सुगंध आणि अंगावरचा सुगंध

प्रश्न : एकाच नावाच्या परफ्यूमच्या तीन बाटल्या शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. एकीवर ‘ओ द परफ्यूम’, दुसरीवर ‘ओ द टॉयलेट’, तिसरीवर ‘कोलोन’. किमतीतही बराच फरक असतो. महागडे तेच पातळ करून स्वस्तात विकतात, असे समजावे का?

उत्तर : काही अंशी तसेच आहे. परफ्यूम म्हणजे सुगंधी द्रव्यांचे मिश्रण अल्कोहोलमध्ये विरघळवून आणि त्यात थोडे पाणी घालून केलेले द्रावण. या मिश्रणाचे प्रमाण किती, यावरून ही नावे पडलेली आहेत. ढोबळमानाने सांगायचे तर ‘परफ्यूम’ किंवा ‘एक्स्ट्रे’ म्हणवणाऱ्या प्रकारात ते २० ते ३० टक्के असते, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २०, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५ आणि कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के. हे आकडे म्हणजे व्यवसायातला संकेत आहे, काटेकोर नियम नव्हे. त्यामुळे एका कंपनीचे ओ द टॉयलेट दुसऱ्या कंपनीच्या ओ द परफ्यूमपेक्षा जास्त वेळ टिकल्याचे अनुभवास आले, तर नवल वाटू देऊ नये. (‘टॉयलेट’ या शब्दाने संकोचण्याचेही कारण नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा येथील अर्थ नटणे, आवरणे असा आहे.)

मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. एकाच नावाच्या ओ द टॉयलेटची आणि ओ द परफ्यूमची घडणच पुष्कळदा वेगळी असते. पहिल्यात लिंबूवर्गीय, हलक्या द्रव्यांना वाव दिलेला असतो, तर दुसऱ्यात लाकूड, व्हॅनिला, राळ अशा जड द्रव्यांना. तेव्हा ओ द परफ्यूम आवडले म्हणून त्याच नावाचे ओ द टॉयलेट न हुंगता घेऊ नये. कोलोनचे कुळ तर निराळेच. अठराव्या शतकाच्या आरंभी, इटलीहून जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना यांनी लिंबूवर्गीय तेलांचे जे ताजेतवाने, अल्पजीवी द्रावण केले, त्यावरून हे नाव आले. अत्तर या सर्वांहून वेगळे, कारण त्यात अल्कोहोल नसते. पारंपरिक पद्धतीत फुलांच्या ऊर्ध्वपातनातून येणारा सुगंध चंदनाच्या तेलात उतरवला जातो. अल्कोहोलचा उडता रेटा नसल्यामुळे अत्तर खोलीभर पसरत नाही, अंगालगत राहते आणि सावकाश उलगडते.

प्रश्न : दुकानात अतिशय आवडलेले परफ्यूम घरी आणल्यावर दोन तासांत नकोसे वाटू लागले. बाटली बनावट असेल का?

उत्तर : तशी शक्यता फारच कमी वाटते. आपण दुकानात परफ्यूमची पहिली पंधरा मिनिटे पसंत केलीत आणि घरी उरलेला दिवस अनुभवलात, एवढेच झाले असावे.

परफ्यूममधील सर्व द्रव्ये एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रे, बर्गमोट यांच्या सुगंधाचे रेणू लहान आणि हलके असतात. ते फवारताच नाकाशी येतात आणि पाव-अर्ध्या तासात निघून जातात. यांना ‘टॉप नोट’ म्हणतात. त्यांच्यामागून गुलाब, मोगरा, मसाले यांचा मधला थर वर येतो आणि काही तास राहतो. शेवटी उरतात ते चंदन, कस्तुरीसदृश द्रव्ये, व्हॅनिला, पॅचुली (एका वनस्पतीच्या पानांचे सुगंधी तेल) यांचे संथ उडणारे रेणू. दिवसभर सोबत करणारा ‘बेस नोट’ तो हाच. विक्रेत्याने दिलेली कागदाची पट्टी मी एकदा वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती. दुकानात तिला संत्र्याच्या सालीचा झणझणीत वास होता. दोन दिवसांनी पान उघडले, तेव्हा संत्र्याचा मागमूस नव्हता आणि कागदाला जुन्या लाकडी पेटीसारखा गोडसर वास येत होता. तो वास आवडला, म्हणून ते परफ्यूम घेतले. पट्टीवर संत्रेच आवडले असते आणि मी तिथल्या तिथे बाटली घेतली असती, तर आपल्यासारखेच पत्र मलाही लिहावे लागले असते.

म्हणून पट्टीचा उपयोग नकोसे सुगंध वगळण्यापुरता करावा. उरलेल्यांपैकी दोन निवडून प्रत्येक मनगटावर एक फवारावा आणि काहीही विकत न घेता दुकानाबाहेर पडावे. तासाभराने, मग चार तासांनी, मग रात्री पुन्हा हुंगून पाहावे. एका खेपेस तीन-चारांहून अधिक सुगंध घेतल्यास नाक थकते. काउंटरवर ठेवलेल्या कॉफीच्या बियांचा मला तरी काही विशेष उपयोग वाटत नाही. स्वतःच्या कोपराच्या खळगीत, जिथे काही लावलेले नाही तिथे, दोन श्वास घ्यावेत किंवा मोकळ्या हवेत यावे.

प्रश्न : माझ्या अंगावर कोणताही सुगंध तासभरही टिकत नाही, म्हणून मी दिवसातून तीनदा फवारते. सहकारी मात्र ‘फार उग्र येतो’ म्हणतात.

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे मनावर घ्यावे. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे नाक थोड्याच वेळात थांबवते. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय कस्तुरीसदृश काही कृत्रिम द्रव्ये अशी असतात, की अनेकांना त्यातले एखादे जन्मतःच ओळखू येत नाही. सुगंध टिकला आहे की नाही, हे म्हणून दुसऱ्याला विचारावे.

त्वचा खरोखरच कोरडी असेल, तर सुगंध लवकर उडतो. आंघोळीनंतर बिनवासाचे मॉइश्चरायझर लावून त्यावर फवारल्यास बराच फरक पडतो. कपड्यावर सुगंध अधिक टिकतो, पण रेशमावर आणि फिकट रंगांवर डाग पडू शकतात.

प्रश्न : पुरुषांनी ‘फॉर मेन’ लिहिलेलेच वापरावे का? आणि आपल्याला काय शोभते, हे कसे ओळखावे?

उत्तर : ही लेबले बव्हंशी विक्रीच्या सोयीची असतात. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओक वृक्षावर वाढणारे दगडफूल) आणि कुमारिन यांच्या मेळातून बनणारा ‘फुजेर’ हा गट आज पुरुषी मानला जातो. १८८२ साली ‘फुजेर रोयाल’ या परफ्यूमने त्याला नाव दिले. त्यातले कुमारिन कृत्रिमरीत्या बनवलेले होते आणि त्याचा वास वाळलेल्या गवतासारखा, किंचित गोड. वाळलेल्या गवतात पुरुषी असे काय आहे, हे मला अद्याप कळलेले नाही. गुलाबाला बायकी ठरवण्याची कथाही तीच.

आजवर आवडलेल्या तीन सुगंधांची नावे कागदावर लिहावीत आणि ते फुलांचे, लाकडी, लिंबूवर्गीय की गोड-मसालेदार गटातले, हे विक्रेत्याला विचारावे. तिन्ही बहुधा एकाच गटाकडे बोट दाखवतात. उष्ण हवेत द्रव्ये झपाट्याने उडतात, त्यामुळे थंडीत ऊबदार वाटणारा जड, गोड सुगंध उन्हाळ्यात गुदमरवतो. अशा वेळी मात्रा निम्मी करावी.

प्रश्न : मानेवर परफ्यूम लावल्यावर खाज सुटते. पूर्ण नैसर्गिक तेलांचे घेतले तर चालेल का?

उत्तर : नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण येथे लागू होत नाही. लिमोनीन आणि लिनालूल ही द्रव्ये नैसर्गिक तेलांतच विपुल असतात आणि हवेशी संयोग झाल्यावर ती ॲलर्जीला कारण ठरू शकतात. न शुद्ध केलेल्या बर्गमोट तेलातील काही घटकांमुळे उन्हात त्वचेवर काळे डाग पडतात. युरोपीय संघात ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापावी लागतात. पूर्वी या यादीत २६ नावे होती, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर गेली. त्वचारोगतज्ज्ञांकडून चाचणी करून नेमके कोणते द्रव्य सोसत नाही, हे कळले, तर वेष्टन वाचून निवड करता येईल. तोवर त्वचेवर काहीही लावू नये.

प्रश्न : अर्धी भरलेली जुनी बाटली टाकून द्यावी का?

उत्तर : आधी हुंगून पाहावी. रंग थोडा गडद झाला, तर बिघडत नाही. सुरुवातीलाच आंबूस किंवा व्हिनेगरसारखा वास आला आणि तो काही मिनिटांत गेला नाही, तर मात्र ती बाद समजावी. पुढची बाटली मूळ खोक्यात घालून कपाटात ठेवावी, कारण प्रकाश, उष्णता आणि हवा हे तिन्ही सुगंधाचे वैरी आहेत आणि न्हाणीघराच्या फळीवर त्यांतले किमान दोन रोज भेटतात.