आमचं नक्की काय चाललंय?

"मॅडम, आमचं नक्की काय चाललंय तेच कळत नाही." पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आता आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. भेटणं, फिरणं, रात्री दोनपर्यंत बोलणं सगळं असतं, पण नातं म्हणायला कुणी तयार नसतं. मुलं याला 'सिच्युएशनशिप' म्हणतात.

सायली (नाव बदललं आहे) सांगलीची, वय 27, हिंजवडीत नोकरी. ॲपवर भेटलेल्या मुलाबरोबर दीड वर्ष झालेलं. तो म्हणे, "नाव कशाला द्यायचं? मस्त चाललंय की!" तिकडून आई स्थळं पाठवत होती आणि इकडे ही व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिकांकडे बघत बसायची.

पहिल्या काही भेटी 'तो असा का वागतो' यातच गेल्या. मग एकदा म्हणाली, "त्याला पाठवायचे मेसेज मी आधी नोट्समध्ये लिहिते. पाठवत नाही."

"वाचून दाखवतेस?"

चौदा होते. 'तू मला गृहीत धरतोस.' 'तुला वेळच नसतो.' 'तुझं काय ते एकदा सांग.' प्रत्यक्षात दर वेळी गेलेला मेसेज एकच: 'जेवलास का?'

मी विचारलं, "यातलं एक तरी वाक्य 'मला'ने सुरू होतं का?"

तिने सगळं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मला लग्न करायचंय, मॅडम. हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. मी चिल आहे असंच दाखवत आले."

एवढ्या वर्षांच्या कामात मला समाधान दिलंय ते अशाच प्रश्नांनी, सल्ल्यांनी नव्हे. बाळाची आईशी असलेली ओढ ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी उलगडली. प्रेमातही तीच ओढ असते, हे मानसशास्त्रज्ञ हेझन आणि शेव्हर यांनी 1987 मध्ये मांडलं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. आधार हवासा वाटणं हा चिकटपणा नाही. म्हणून मी मुलांना सांगते, आपल्याला काय हवंय ते दोन-तीन महिन्यांतच बोला. चॅटवर नको, समोर बसून. धमकी नको, आर्जव नको. समोरच्याला विचार करायला वेळ द्या, पण किती ते आधी स्वतःशी ठरवा.

सायली बोलली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मी एवढं सिरीयस नव्हतो." ती खूप रडली, माझ्यासमोरही.

पुढच्या भेटीत आईच्या फोनबद्दल सांगत होती. आणखी एक स्थळ आलं होतं. "मी म्हटलं, आई, मला अजून सहा महिने हवेत."