तोंडी नको, लेखी माग

प्रिय मुली,

दिवसा पुस्तक वाचतेस आणि संध्याकाळी दादरच्या पुलावर पायऱ्या चुकतेस, म्हणून वर्गातल्यांना ते नाटक वाटतं. मला नवल नाही वाटलं. रेटिनायटिस पिगमेंटोसात, तुझ्या या डोळ्यांच्या आजारात, अंधारातलं दिसणं आधी जातं, मग नजरेचा घेर आकसत जातो; समोरचं अक्षर पुष्कळ दिवस शाबूत राहतं. ते त्यांना समजावत बसू नकोस. मला चीड आली ती तुझ्या पत्रातल्या वेगळ्याच ओळीची. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ‘आम्ही घेऊ सांभाळून,’ आणि तू निर्धास्त झालीस! अगं, कागदावर काय मिळालं?

बाई भल्याच असतील. त्या रजेवर गेल्या की परीक्षा विभागातला क्लार्क तुला कुठे ओळखतो? तासाला २० मिनिटं जादा वेळ, लागला तर लेखनिक, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका, जे हवं ते लेखी माग. अर्जाच्या दोन प्रती कर, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. पोच दिल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

दिव्यांगत्वाचा दाखला ४० टक्क्यांच्या खाली आला तर, ही तुझी भीती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या राखीव जागांना ती अट आहे, म्हणजे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के. लेखनिकाचं तसं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार यांच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. अर्जात त्या निकालाचा उल्लेख कर. लेखी.

आता सगळे तुला उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलचं नाव सांगतील, जिद्द बघ म्हणतील. मला त्यातलं रेल्वेचं लेखा खातं आधी आठवतं. यूपीएससी पास झालेल्या मुलीला त्यांनी दृष्टी नाही म्हणून घेतलं नाही. तिने पुन्हा परीक्षा दिली, १२४वी आली, आयएएस झाली. शाबासकी तिलाच, पण दार लावणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, याचा मला अजून राग येतो.

माझं म्हणशील तर पोलिओचा पाय, त्याला आधाराचा कॅलिपर आणि बँकेची पोटमाळ्यावरची शाखा. एका मॅनेजरने माझं टेबल खाली आणवलं, नुसतं तोंडी. त्याची बदली झाली, नवा आला, म्हणाला, ‘असं काही ठरलेलं दिसत नाही.’ मी पुन्हा वर. त्या दिवसापासून रेलिंगसाठी, टेबलासाठी, बढतीच्या मुलाखतीची जागा तळमजल्यावर ठेवा म्हणूनसुद्धा मी पत्रंच लिहिली. मला कटकटी म्हणायचे, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसणाऱ्या कमी झाल्या. लागलं मनाला, खोटं कशाला सांगू? पण मी भांडखोर नव्हते गं, मला नुसतं कामाला बसायचं होतं. निरोपाच्या भाषणात सगळे माझ्या जिद्दीवर बोलले, रेलिंगवर एकही नाही.

लोअर परळच्या त्या कंपनीत सांगू की लपवू, हे विचारतेस. मी असते तर ऑफर लेटर हातात पडल्यावर आणि रुजू होण्याआधी ईमेल केला असता. माझी नजर अशी आहे, मला स्क्रीनवर अक्षर मोठं करणारं सॉफ्टवेअर हवं, काळोख पडायच्या आत सुटणारी पाळी हवी, एवढंच. समान संधी धोरण जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला, खाजगीलाही, त्याच २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याची प्रत माग. एचआरवाली फोन करून गोड बोलेल. ऐकून घे, फोन ठेव आणि ‘आपलं असं असं बोलणं झालं’ म्हणून तिलाच ईमेल कर.

कॉलेजच्या अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. ‘कृपया’ एकदाच, आणि ‘आपली कृपाभिलाषी’ लिहिलंस तर फाडून टाकीन.

तुझी,
मावशी