फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी बदलताना

ताई, फुलं गळली म्हणून लगेच कुंडी बदलायला घेऊ नका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशात मुळं हलवली तर रोप सावरत नाही. पहिले दोन-चार पाऊस पडू द्या. हवेत ओल आली आणि नवीन मुळांची हिरवी टोकं दिसली, की काम हाती घ्या.

माती अजिबात नको. हे ऑर्किड रानात झाडाच्या खोडावर वाढतं, त्याच्या मुळांना हवा लागते. झाडाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. सोडण आधी दोन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातला क्षार निघून जातो. जुनी मुळं बोटांनी दाबून बघा: टणक असतील ती ठेवा, पिचपिचीत तपकिरी झालेली कापा. कात्री स्पिरिटने पुसलेलीच हवी. कुंडी मुळं मावतील एवढीच घ्या. मोठ्या कुंडीत ओल साचून मुळं कुजतात.

नंतर चार-पाच दिवस पाणी नको. पुढे मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबा. बोअरचं जड पाणी टाळा, पावसाचं साठवलेलं उत्तम. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर लगेच टिपून घ्या, तिथली कूज रोपाचा जीव घेते.

जागा पूर्वेच्या खिडकीची. कूलर असलेली खोली चालेल, पण त्याचा झोत थेट रोपावर नको.