वाय-फायला फुल्ल रेंज, तरी फोन जोडलाच जात नाही

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो, सकाळची आणि दुपारची अशा दोन बॅच. सकाळी वाय-फाय मस्त चालतं, पण दुपारच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांच्या फोनवर नुसतं 'ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस' दिसत राहतं, आणि जे आधीच जोडलेत त्यांचं मात्र व्यवस्थित चालू असतं. राऊटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरतं सुटतं. नेटवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. स्पीडचा इथे काही संबंधच नाही, तुमच्या राऊटरकडचे आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक फोनला ओळखायला दिले जाणारे नंबर, संपतायत.

होतं असं की नवा फोन वाय-फायला आला की तो आधी सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो, कुणी अ‍ॅड्रेस देतंय का, मग राऊटर म्हणतो हा घे, फोन म्हणतो चालेल, हाच द्या, आणि राऊटर पक्कं करून टाकतो. या चार निरोपांच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, ती 1993 पासून आहे. पण मिळालेला अ‍ॅड्रेस कायमचा नसतो, लायब्ररीच्या पुस्तकासारखा मुदतीवर असतो, त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत झाली की फोन गुपचूप त्याच राऊटरकडे मुदत वाढवून मागतो. उत्तर नाही आलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत सरल्यावर परत सगळ्यांना विचारतो, आणि तरीही काही झालं नाही तर मुदत संपल्यावर अ‍ॅड्रेस सोडतो.

आता तुमची गोम. बऱ्याच घरगुती राऊटरमध्ये 192.168.0.100 ते 199 असे शंभरच अ‍ॅड्रेस वाटायला ठेवलेले असतात आणि लीज 24 तासांची. सकाळची पोरं घरी जातात पण त्यांचे फोन 'मी निघालो' असं सहसा सांगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावचे अ‍ॅड्रेस दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडतात. त्यात एकेकाकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही.

खात्री करायची तर दुपारी राऊटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपी क्लायंट लिस्ट (कुणाला कुठला अ‍ॅड्रेस दिलाय ती यादी) उघडा, ती भरलेली दिसेल. ज्या लॅपटॉपला नेट नाही त्याचा अ‍ॅड्रेस 169.254 ने सुरू होत असेल तर समजायचं की त्याला कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय.

लीज दोन तासांवर आणा (काही राऊटरमध्ये मिनिटांत टाकावी लागते, 120) आणि वाटायचे अ‍ॅड्रेस (त्यातला शेवटचा आकडा) 50 ते 250 करा. एवढंच. आणि ते रोजचं बंद-चालू करणं कृपा करून थांबवा, कारण बरेच राऊटर त्यात कुणाला काय दिलंय ते विसरतात, फोन मात्र जुनाच अ‍ॅड्रेस धरून बसतात, मग एकच अ‍ॅड्रेस दोघांकडे जाण्याची शक्यता असते आणि भलत्याच पोराचं नेट मध्येच जातं. रेंजसाठी आतल्या खोलीत दुसरा राऊटर केबलने जोडलेला असेल तर त्यातलं डीएचसीपी बंदच ठेवा, नाहीतर दोघंही अ‍ॅड्रेस वाटत बसतील. हे सगळं करूनही एका राऊटरवर एकाच वेळी सत्तर-ऐंशी फोन असतील तर त्याला ते झेपणार नाहीत, प्लॅनचे वाचलेले पैसे चांगल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर (केबलला जोडून वाय-फाय देणारं वेगळं यंत्र) घाला.

प्रश्न : दुकानातला वाय-फाय प्रिंटर अधूनमधून कॉम्प्युटरवर ऑफलाइन दिसतो. परत अ‍ॅड केला की चालतो. प्रिंटर बिघडलाय का?

उत्तर : बहुतेक नाही. रात्री प्रिंटर बंद राहिला, लीज संपली, त्याचा अ‍ॅड्रेस दुसऱ्या कुणाला गेला आणि सकाळी प्रिंटरला नवा मिळाला, कॉम्प्युटर मात्र जुन्याच जागी शोधतोय. राऊटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्वेशन' असतं, तिथे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस टाका (यंत्राचा स्वतःचा न बदलणारा ओळख नंबर, प्रिंटरच्या नेटवर्क रिपोर्टवर छापून येतो), म्हणजे त्याला दरवेळी तोच अ‍ॅड्रेस मिळेल. नंतर कॉम्प्युटरवर प्रिंटर एकदा नव्याने अ‍ॅड करा.