सच्छिद्र सिलिकॉनचे प्रकाशीय गुणधर्म कुठे वापरतात? एम.एस्सी. प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?

घ्या. पण व्हायवाच्या आदल्या दिवशी ताजा नमुना करता येणार असेल तरच.

हाच विषय मी २००८ मध्ये परभणीत घेतला होता. गाइड सरांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं: "सिलिकॉन उजेड देत नसतंय. काहून नादी लागलास?" साध्या सिलिकॉनपुरतं ते बरोबरच. १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी), तोही इनडायरेक्ट, म्हणजे सहज प्रकाश न देणारा. जे काही थोडंफार निघतं ते अवरक्त, डोळ्याला न दिसणारं. पण भरपूर पोखरलेलं सिलिकॉन अतिनील दिव्याखाली नारिंगी-तांबूस चमकतं, हे इंग्लंडमध्ये ली कॅनहॅम यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं. छिद्रांच्या मधे उरलेलं सिलिकॉन काही नॅनोमीटरचंच राहतं, म्हणून गॅप रुंदावतो आणि उजेड डोळ्याला दिसणाऱ्या रंगात येतो. त्या पेपरची झेरॉक्स मी सरांच्या टेबलावर ठेवली. महिनाभर ती चहाच्या कपाखाली होती.

पोखरायचं म्हणजे वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) एचएफमध्ये, हायड्रोफ्लोरिक आम्लात, ठेवून करंट सोडायचा. त्यासाठी टेफ्लॉनचं भांडं लेथवाल्याकडून करून घेतलं. लाईटचा भरवसा नव्हता. इन्व्हर्टरवर गेलं की आमच्या जुन्या पॉवर सप्लायचा करंट खाली यायचा आणि वेफरवर वेगळ्याच रंगाचा थर चढायचा. मी कपाळाला हात लावायचो. पुढे कळलं की लोक मुद्दाम असंच करतात! करंट बदलला की छिद्रांचं प्रमाण बदलतं, त्याबरोबर अपवर्तनांक. असे कमी-जास्त थर आलटून पालटून दिले की ठरावीक रंगच परतवणारा आरसा तयार होतो. छिद्रांत वाफ शिरली की त्याचा रंग लाल बाजूला सरकतो. सेन्सर म्हणतात तो हाच.

डिपार्टमेंटचा यूव्ही दिवा बंद होता. म्हणून धुऊन वाळवलेला तुकडा डबीत घालून मोंढ्यात गेलो, ओळखीच्या आडतीवर. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरला. मुनीमकाकांनी शटर अर्धं ओढलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "जिलबीचा रंग हाय की! हे नोटांत घालतेत का?" नोटांत नाही, पण थरांच्या रंगाने खूण केलेले सच्छिद्र सिलिकॉनचे कण ओळखपट्टीसारखे वापरायची कल्पना खरोखर आहे. काका फिजिक्सच्या पुढे होते.

व्हायवा तीन आठवड्यांनी. नमुना तसाच प्लास्टिकच्या डबीत. एक्सटर्नलसमोर मागून आणलेल्या दिव्याखाली ठेवला तर राखेसारखा मख्ख. सर हसले, "उजळत नाही म्हणजे नव्हतंच." मी म्हटलं, मोंढ्यात पाहिलंय. तर म्हणाले, मुनीमाची साक्ष इथं चालत नाही. मार्क कापले.

सर, पृष्ठभागावरचा हायड्रोजन जाऊन ऑक्साईड चढतं, त्यात चमक बदलते किंवा मरते. नमुन्याचं वय वाढताना काय होतं हाच निष्कर्ष होता. तुम्ही तो अपयश म्हणून लिहिलात. म्हणून सांगतो, रोज एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून फोटो काढा, तारखेसह.

एलईडीच्या गप्पा मारू नका, कार्यक्षमता फार कमी निघते. सेन्सर घ्या. औषध वाहून नेणाऱ्या कणांवरही काम आहे, सिलिकॉन शरीरात विरघळतं म्हणून. पण ते एम.एस्सी.च्या वर्षात उरकत नाही.

हो, राहिलंच. एचएफ काचेच्या भांड्यात ओतायचं नाही, काच खातं. त्वचेवर पडलं तर लगेच दुखत नाही म्हणून फसू नका, आत शिरून कॅल्शियम धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जवळ नसेल तर बाटली उघडूच नका. आणि रात्री लॅबमध्ये एकटे थांबू नका. मी थांबायचो, म्हणून तर साक्षीला मुनीमकाका.