प्लांट बांधून झाला, चालवणार कोण?

तू विचारलंस: नाशिकला सात वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामांत आहेस, कॅनडात, उत्तर ऑन्टारिओतल्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या गावांमध्ये जलशुद्धीकरणाचं काम मिळण्यासारखं आहे, तर यावं का? व्हिसा, पॉइंट्स, टॅक्स सगळं सरकारी साइटवर आहे. ते मी उगाळत बसत नाही.

पण मार्कशीट आधी बघ. आपल्याकडे आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं. माझी फाइल वडिलांच्या नावाने उघडली, आणि मी म्हणजे माझे वडील नव्हे, हे पटवण्यात सात महिने गेले. मेव्हणा बिचारा विद्यापीठाच्या खिडकीपुढे चारदा रांगेत उभा राहिला. पी.इंजि. म्हणजे इंजिनिअरचा परवाना, त्यासाठी कॅनडातल्या अनुभवाची अट ऑन्टारिओने 2023 मध्ये काढली, तू सुटलास. मी त्या अटीपायी गोदामात खोकी उचलली.

आता कामाचं. नेस्कांटागा गावात ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना फेब्रुवारी 1995 मध्ये लागली, ती तीस वर्षांनीही उठली नव्हती. प्लांट नव्हता म्हणून नव्हे. अशा गावांत सल्लागार, कंत्राटदार विमानाने येतात आणि विमानानेच जातात. जड सामान येतं ते फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्याने. तो हंगाम हुकला की वर्ष गेलं. म्हणून गावातलाच माणूस तयार लागतो. सर्किट रायडर म्हणतात ते फिरते प्रशिक्षक ऑपरेटरला त्याच्याच प्लांटवर, त्याच्याच पंपावर शिकवतात. इथलं मला मनापासून पटलेलं काम तेवढंच.

एका रात्री हायपोचा, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारा, डोसिंग पंप बंद पडला. मी शहरातल्या कंपनीला मेल लिहायला घेतली. ऑपरेटरने नोझल सोडवलं, पांढरा थर खरवडला, परत बसवलं. थोड्या वेळाने नमुना घेतला, पुडी टाकली, बाटली हलवली. पाणी गुलाबी, म्हणजे क्लोरीन आलं. “मेल राहू दे,” म्हणाला. असा माणूस घडायला वर्षं लागतात, आणि घडला की जास्त पगारावर शहर त्याला उचलतं. देखभालीच्या सूत्राप्रमाणे येणाऱ्या खर्चातले इथलं केंद्र सरकार 80 टक्केच द्यायचं. 100 टक्क्यांचा निर्णय व्हायला 2020 उजाडलं. बांधायला कोटी, चालवणाऱ्याला चिल्लर. ओळखीचं वाटतंय ना?

एकटेपणाचं विचारलंस. असतो. उणे अडतीसमध्ये गाडी सुरू होईल का, याची काळजी त्याहून मोठी असते.

सलतं ते वेगळंच. मुलगी इंग्रजी माध्यमातली, तरी शाळेने तिला परभाषकांच्या वर्गात बसवलं. तिच्याशी कोणी पाच मिनिटं बोललंही नव्हतं. फॉर्मवर सही माझी. मला साइटचं विमान पकडायचं होतं, वाचायला वेळ नव्हता. दोन वर्षं ती त्या वर्गात गप्प बसली, आणि आजही मला काही सांगायचं असलं की आईमार्फत सांगते. त्या ऑपरेटरचा मुलगा चौदाव्या वर्षी थंडर बेला परक्याच्या घरी राहायला गेला, कारण गावात नववीच नाही. त्याच्या आजीला लहानपणी निवासी शाळेत नेलं होतं, मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून जिथे ठेवायचे तिथे. तो निघाला त्या दिवशी ती घराबाहेर आली नाही.

यावं की नाही, ते मला सांगता येत नाही. मागच्या खेपेला चहा पिताना ऑपरेटरने विचारलं, “तुझ्या गावचं पाणी कोण बघतं?” मला नाव आठवेना. सिन्नरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, मोटार जळून दोन वर्षं झाली. टँकर येतो.”