अवजार घ्यावं, भाड्यानं आणावं की मागून?

दोन एकर भात आहे, भातानंतर मसूर करतो. दर वर्षी पॉवर टिलरवाल्याच्या मागे फिरावं लागतं. स्वतःचाच घ्यावा का? — येळ्ळूर

दोन एकराला टिलर वर्षात आठवडाभर चालला तरी खूप झालं. तेवढ्यासाठी हप्ता भरणं परवडत नाही. पण तुमची अडचण भाड्याची नाहीच, नंबराची आहे. चिखलणीला सगळ्या शिवाराला एकदमच टिलर लागतो. मसुरीला तर भात निघाल्यावर जमिनीतली ओल उडायच्या आत पेरणी व्हायला हवी, तिथं चार दिवस थांबून चालत नाही.

म्हणून टिलरवाल्याला हंगामाआधीच इसार देऊन दिवस ठरवा. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) ठिकाणी सरकारी योजनेतलं, अवजारं भाड्यानं देणारं 'कृषी यंत्रधारे' केंद्र असेल तर तिथंही चौकशी करून ठेवा. भागीत घ्यायचाच झाला तर वाटेकरी निवडताना भावकी बघू नका, पीक बघा. दोघे भातवाले एकत्र आले की पहिल्याच पावसाला बांधावर भांडण. एक भातवाला आणि एक भाजीवाला असेल तर जमतं. भाजीवाल्याचं काम वर्षभर थोडं थोडं चालू असतं. आणि अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका, उरलेली रक्कम तुमच्याच खिशातून जाते.

शेजाऱ्याचा पंप आणून टोमॅटोवर कीटकनाशक मारलं. काही दिवसांत पानं दोरीसारखी वळली. औषध बोगस होतं का? — निपाणी

दुकानदाराला धरण्याआधी शेजाऱ्याला विचारा, त्या पंपानं उसात तणनाशक मारलं होतं का. उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतात. ऊस गवताच्या जातीचा, त्याला ते सोसतं. टोमॅटो, मिरची, तंबाखू, कापूस यांना मात्र त्याचा अंशही पुरतो, आणि तो अंश टाकीपेक्षा होज, गाळणी, वॉशर यांत दडून बसतो. साध्या पाण्यानं एकदा खळबळून तो जात नाही.

पानं विषाणूनंही वळतात. पण रोग आधी इथं-तिथं एखाद्या झाडावर दिसतो. फवारलेल्या तुकड्यातच, सगळ्या ओळींत एकदम वळली असतील तर पंपावर संशय घ्या.

फवारणी पंप मागून आणायची वस्तू नव्हे, आणि द्यायचीही नव्हे. जमलं तर दोन ठेवा. तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे गडीमाणूस चुकणार नाही.

नव्या फ्लॅटमध्ये पडदे, घड्याळ, दोन शेल्फ लावायचे आहेत. ड्रिल मशीन घेऊ का? — टिळकवाडी, बेळगाव

नको. पडद्याचे ब्रॅकेट खिडकीच्या वर येतात आणि तिथं बहुधा काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, असतं. विटेच्या भिंतीत सहज घुसणारं स्वस्तातलं ड्रिल तिथं नुसतं घूं घूं करतं. रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं दणकट ड्रिल, एक दिवस भाड्यानं आणा. त्याआधी घरभर फिरून सगळ्या भोकांच्या खुणा पेन्सिलीनं करून ठेवा, नाहीतर घड्याळासाठी पुन्हा भाडं. बिट मात्र नवं विकत घ्या. भाड्याच्या मशीनबरोबर येतं ते बऱ्याचदा बोथट असतं.

मेहुण्यानं माझा पेट्रोलवरचा टू-स्ट्रोक ग्रास कटर नेला आणि इंजिन जाम करून परत आणला. पैसे मागावेत का? — खानापूर

आधी मेकॅनिककडून सायलेन्सर काढून आत बघा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर बहुतेक साधं पेट्रोल घातलेलं आहे. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. मेहुण्याकडे मोटरसायकल असणार. तिच्यात घालतो तेच यातही घातलं असेल.

तुम्ही सांगूनही त्यानं ऐकलं नसेल तर खर्च त्याचा. सांगितलंच नसेल तर निम्मा तुमचा, असं माझं मत. पाहुण्यांतला मामला आहे, पैसे मागण्यापेक्षा त्यालाच मशीन घेऊन मेकॅनिककडे पाठवा. यापुढे कटर देताना ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा डबाही बरोबर द्या. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, ते मार्करनं टाकीवरच लिहून ठेवा.